विसळलेली बाटली

झिपरूची काठी चिमणाबाईच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला एस.टी.च्या थांब्यावर ऐकू आला. गाव पेठच्या पुढचं. मी नाशिकच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचो आणि दर महिन्याला या म्हातारीकडून सुजेवरची मुळी न्यायला यायचो. आदल्या दिवशी तिचा काढा पिऊन झिपरूचा भाऊ पुंजा तडफडून मेला होता.

"भुताळी हाय ती," झिपरू म्हणाला. "आज जाळनार हिला."

मी मध्ये पडलो. पाठीवर दोन काठ्या बसल्या, पण काढ्याची बाटली उचलली. "पंधरा दिवस द्या, झिपरूभाऊ. मुळीत विष आहे की नाही, मी शोधून सांगतो."

"सांग मास्तर. निघालं तर तुझ्यासमोर जाळू." त्यांनी तिला शेळ्यांच्या गोठ्यात डांबलं.

नाशिकला येऊन मी हात धुऊन कामामागे लागलो. काचेच्या उभ्या नळीत सिलिकाची पूड भरली, वरून काढ्याचा अर्क ओतला आणि द्रावक सोडत राहिलो. अर्कातली एकेक वस्तू आपापल्या चालीनं खाली उतरते, ती वेगळ्या कुपीत धरायची. मुळीचा पिवळा पट्टा ज्या उंदराला पाजला, तो मजेत दाणे खात बसला. पण त्याआधी बिनरंगाचं काहीतरी उतरलं होतं. ते पाजलेल्या उंदरानं पाय झाडले, पिंजऱ्याच्या तारा चावून तोंड रक्तबंबाळ केलं आणि मान टाकली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आजी सुटली होती.

ती कुपी मुंबईला धाडली. तिथलं मास स्पेक्ट्रोमीटर रेणू फोडून तुकड्यांची वजनं सांगतं. बाराव्या दिवशी आलेख आला. एका रेणूत सहा क्लोरीन. असलं काही मुळीत नसतं, ते कारखान्यात बनतं. एंड्रीन, पिकावर फवारायचं कीटकनाशक.

मग ते काढ्यात आलं कुठून? मी रिकामी बाटली उजेडात धरली. बुडाशी आमच्या प्रयोगशाळेचं, 'एंड्रीन' लिहिलेलं, अर्धवट खरवडलेलं लेबल होतं. काढा ठेवायला रिकाम्या बाटल्या मीच तिला दिल्या होत्या, तीनतीनदा पाण्यानं विसळून. एंड्रीन पाण्यात विरघळत नाही, काचेला धरून बसतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. बारा दिवस आतल्या मालात इतका गुंतलो, की बाटलीकडे बघितलंच नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी गावासमोर उभा राहिलो. "मुळीत विष नाही. बाटलीत होतं."

"बाटली कोनाची?" झिपरूनं विचारलं.

चिमणाबाईला गोठ्यातून आणलं होतं. ओठ फुटलेले, हात काळानिळा होऊन लोंबत होता. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "माझी हाय," ती म्हणाली.

झिपरूनं काठी उगारली.

"खोटं बोलते ती," मी म्हणालो. "बाटली मी दिली. पुंजा माझ्यामुळं मेला."

काठी माझ्या उजव्या हातावर आली. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बोटं मोडली तरी मी हात मागे घेतला नाही. शेवटी झिपरूनं काठी टाकली आणि भावाचं नाव घेत खाली बसला.

चिमणाबाईनं धडक्या हातानं दगडावर मुळी ठेचली, पानावर घेतली आणि माझ्या बोटांवर ठेवली.

"माझं चुकलं, आजी."

एका हातानं चिंधीची गाठ बसेना, तेव्हा तिनं दुसरं टोक फुटक्या ओठांत धरलं आणि ओढलं.