निळा थर

घासायला कोणालाही येतं, थांबायला येत नाही, असं काका दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली की मगच त्याचा दगड हातात घ्यायचे. बढाई होती, पण खोटी नव्हती. ओपलमधला रंग पातळ थरात बसलेला असतो. वरचं राखाडी साल पुरतं निघालं नाही तर दगड मेलेला दिसतो आणि चाकावर चार फेरे जास्त झाले तर रंगच गढूळ पाण्याबरोबर मोरीत जातो. या कामात काकांचा हात धरणारा त्या बाजारात कोणी नव्हता. निदान काका तसं म्हणत, आणि काकू त्याकडे कानाडोळा करत.

काकूंचं टेबल काकांच्या अगदी समोर. कापलेला तुकडा काकूंनी गरम लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा, काकांनी ती काडी धरून तो चाकावर गोलसर घासायचा आणि शेवटची चकाकी पुन्हा काकूंनी नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चाकावर आणायची. लग्न झाल्यापासून कामाची वाटणी अशीच. घासायच्या चाकापुढच्या स्टुलावर काकू कधी बसल्या नाहीत. काकांनी बस म्हटलं नाही आणि काकूंनी विचारलं नाही. चहा कोणी करायचा यावरून रोज खटके उडत, पण यावरून कधीच नाही.

दागिने घडवणारी एक बाई त्यांच्याकडे नेहमी काम द्यायची. तिच्या वडिलांनी कपाटात शोभेला ठेवलेला मुठीएवढा कच्चा ओपल घेऊन ती आली. त्यातून एक पदक आणि कानांतले दोन खडे करायचे होते, आणि ते विकायला नव्हे, तिला स्वतःला घालायला. असा दगड पुन्हा मिळणार नाही, तेव्हा जपून करा, असं तिने दोनदा सांगितलं. निष्काळजीपणा आम्ही फक्त सुट्टीच्या दिवशी करतो, असं म्हणून काकांनी तिला वाटेला लावलं.

पाण्याची धार सोडून काकांनी करवतीवर दगडाचे तीन तुकडे केले. दोन लहान तुकड्यांत हिरवा रंग होता, मधेच तांबडे ठिपके. ते त्यांनी एका सकाळीच हातावेगळे केले. घोडं अडलं ते मोठ्या तुकड्यापाशी. त्याच्या कडेला, सालाखाली, काकूंना निळी रेघ दिसली. दोऱ्याएवढी जाड, आणि निळ्याखेरीज त्यात दुसरा रंग नाही. त्यांनी ती काकांना दाखवली. काका "दिसली, दिसली" म्हणाले, पण बघत होते भलतीकडेच.

इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे काकूंना काही दिवसांपासून वाटत होतं. काका एक काळा आणि एक निळा मोजा घालून बाजारात जाऊन आले होते. काकू लेकीकडे राहायला गेल्या होत्या, तेव्हा घासलेला निळा खडा डाळीच्या फोलपटासारखा पातळ झाला होता आणि त्याचं खापर काकांनी दगडावर फोडलं होतं. लेक फोनवर डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढायची आणि काका विषय बदलायचे. बोलावं तर त्यांच्या हातून चाक जाणार, आणि चाक गेलं तर या माणसाचं राहतं काय? गप्प बसावं तर दगड जाणार, तोही दुसऱ्याच्या वडिलांचा. रात्रभर विचार करूनही काकूंना धड काही ठरवता आलं नाही.

सकाळी काकांनी मोठा तुकडा घेतला. आपल्या चेहऱ्यावर काळजी दिसली तर त्यांचा हात बिचकेल, म्हणून काकूंनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उगाचच त्या बाईचे घासून झालेले दोन लहान खडे पुसत बसल्या. मागे चाकाचा आवाज चालू राहिला. मधे थांबला, काका दगड दिव्याखाली धरत असणार. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. एरवी एवढा वेळ लागत नाही. काकूंना राहवेना, त्या वळल्या.

काकांच्या बोटांमधल्या ओल्या दगडावर निळा रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडला होता. आयुष्यात इतका निळा दगड काकूंनी पाहिला नव्हता. काका तो परत चाकाला लावायला निघाले होते. काकूंनी उठून बटण बंद केलं.

"अहो, निळा आलाय. पूर्ण आलाय."

काकांनी दगड दिव्याखाली धरला, इकडून तिकडून फिरवला. ते चिडतील असं काकूंना वाटलं. काका हळूच म्हणाले, "कुठे?"

"सगळीकडे."

चाक फिरत फिरत आपोआप थांबलं.

"मग आज पाठ करून का बसलीस?" काकांनी विचारलं.

काकूंना प्रश्न कळेना. तेव्हा काकांनी मान खाली घालून सांगितलं. वर्ष होत आलं, निळा त्यांना दिसतच नव्हता. हिरवा दिसतो, तांबडा दिसतो, निळ्याच्या जागी नुसता राखाडी. ते दिव्याखाली दगड धरायचे आणि समोर काकूंकडे बघायचे. रंग उघडला की काकूंचा काम करता करता हात थांबतो, हे त्यांना ठाऊक होतं. हात थांबला की ते थांबायचे.

"आज तू दिसलीच नाहीस. मला वाटलं, अजून यायचाय."

काकूंना आधी संताप आला. वर्षभर या माणसाने आपल्याला वापरलं आणि तोंडातून ब्र काढला नाही! मग रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मला सांगायचं नाही?"

"तुलाही कळलं होतं ना? तू कुठे बोललीस?"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

दगडाच्या एका बाजूला साल अजून थोडं शिल्लक होतं. काका उठले. काकू बुटक्या, म्हणून त्यांनी वाकून स्टुलाचा स्क्रू फिरवत बैठक खाली घेतली आणि म्हणाले, "बस."

"माझा हात बसलेला नाहीये."

"माझा आहे ना. तू नुसती बघ."

काकू बसल्या. काकांनी काडी त्यांच्या हातात दिली. मग ते मागून वाकले आणि त्यांच्या हातांवर स्वतःचे हात ठेवले. बटण दाबलं, पाणी सुरू झालं. दगड चाकाला टेकला, सुटला, पुन्हा टेकला. दर वेळी काका वाट बघत होते. राखाडी साल मागे हटत हटत कडेला नखाएवढं उरलं, मग तेही गेलं.

"बास," काकू म्हणाल्या.

आणि काका थांबले.