याकच्या वासराची वसुबारस

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आसपास गायी पुष्कळ, पण वासराला जवळ घेऊन उभी असलेली गाय काही मिळेना. चारुदत्तनं चार गोठ्यांना फोन केले. सगळीकडे एकच उत्तर: वासरं जन्मल्याबरोबर वेगळी काढतो, बाहेर प्लॅस्टिकच्या घुमट्यांत ठेवतो. आणि त्याच्या आईला, प्रभाताईंना, वसुबारसेला सवत्स गायच हवी होती. पुण्याहून येताना त्यांनी हळदकुंकू, वाती आणि एक इच्छा बांधून आणली होती: नातीला, तनयाला, भाऊ.

पाचव्या फोनला एका गोठ्याच्या मालकीणबाई, फ्राउ ड्योर्फ्लर, भेटल्या. त्यांच्या एका गायीला चार महिन्यांचं वासरू अजून पीत होतं.

गाडीत चारुदत्तची बायको अरुंधती मागे, तनयाच्या खुर्चीशेजारी अंग चोरून बसली होती. विद्यापीठाचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते. प्राणिशास्त्र विभागात पीएचडीची जागा, तीही पगारी. होकार सोमवारपर्यंत कळवायचा. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या नावानं बोलावलं होतं.

"आई आहे तोवर नको काढूस विषय," चारुदत्त म्हणाला होता. "महिनाअखेरीस जाणारच आहे ती."

महिनाअखेर सोमवारनंतर येते, हे त्यालाही कळत होतं.

गोठ्यात गाय नेहमीसारखीच होती, वासरू मात्र काळं, झिपरं, घोड्यासारख्या शेपटीचं.

"अगंबाई, केवढी ही लोकर! थंडीच तशी आहे म्हणा इथली," म्हणत प्रभाताईंनी निरांजन काढलं. फ्राउ ड्योर्फ्लर धावतच आल्या. "नाइन, नाइन!" नको, नको! इतकं वाळलं गवत आणि ज्योत! मग तनयाच्या खेळण्यातल्या बॅटरीच्या दिव्यानं ओवाळणं झालं. वासराला कुंकू लावून प्रभाताई मोठ्यानं म्हणाल्या, "असाच गोंडस नातू दे गं माये!"

वासराच्या कपाळावरचं कुंकू बघून फ्राउ ड्योर्फ्लर हसल्या आणि अरुंधतीला काहीतरी सांगू लागल्या.

"काय म्हणते ती?"

अरुंधती घुटमळली. "आई, हे वासरू संकरित आहे. आई गाय, बाप याक."

"हिमालयातला याक? मग तर कैलासाकडचाच की तो!"

"हो, पण हा गोऱ्हा आहे. असल्या नरांना पुढे पिल्लं होत नाहीत."

प्रभाताईंचा चेहरा पडला. "का? चांगला धडधाकट तर दिसतोय."

"धडधाकटच असतो. अर्धा वारसा आईचा, अर्धा बापाचा, त्यावर शरीर छान वाढतं. पण स्वतःचं बीज तयार करायची वेळ आली, की त्या दोन अर्ध्यांना जोडीजोडीनं उभं राहावं लागतं. दोघं लाखो वर्षं वेगळ्या वाटांनी आलेले. जोड्या नीट लागत नाहीत, काम मध्येच अडतं. माद्यांचं मात्र बहुधा निभतं. खेचराची गोष्ट आणखी वेगळी, तिथे तर..."

कठड्यावरच्या धुळीत ती बोटानं रेघा ओढत होती. पुण्याच्या कॉलेजात शिकवताना फळ्यावर ओढायची तशा. आपला आवाज तिलाच ओळखीचा वाटला.

फ्राउ ड्योर्फ्लरनी विचारलं, तुम्ही पशुवैद्य आहात का? उत्तर तनयानं दिलं, खणखणीत जर्मनमध्ये, फक्त 'आजी' तेवढं मराठीत: आई युनिव्हर्सिटीत जाणार आहे, प्राण्यांचा अभ्यास करायला, पण आजीला सांगायचं नाहीये!

फ्राउ ड्योर्फ्लरनी अरुंधतीचा हात धरून गदागदा हलवला. "ग्राटुलीरं!"

"माझं नाव कशाला घेतलं गं तनयानं? आणि ही बाई अभिनंदन केल्यासारखा हात कसला हलवतेय?" प्रभाताईंचे डोळे एकदम चमकले. "अगंबाई! दिवस राहिलेत की काय? चारू, आणि तू बोलला नाहीस मेल्या!" त्यांनी पिशवीतला नारळ काढलाही. "धर ओढणी. इथेच ओटी भरते."

मागे कठडा, पुढे सासूबाई. अरुंधतीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"आई, चल ना, थंडी वाजतेय," चारुदत्त गाडीची किल्ली चाचपत म्हणाला.

एवढंच म्हणाला.

"दिवस नाही राहिले, आई," अरुंधती म्हणाली. "विद्यापीठात जागा मिळालीय मला. सोमवारपर्यंत कळवायचंय."

नारळ हवेतच राहिला. "आणि हे तू मला गोठ्यात सांगतेस?"

"घरी तुमच्यासमोर बोलायचं नाही, असं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

चारुदत्त एकदम तनयाच्या बुटांना लागलेला चिखल पुसायला वाकला.

परतीच्या वाटेवर काचा धुरकटल्या. प्रभाताई पुढच्या सीटवर बसून पदरानं काच पुसत होत्या. अरुंधतीनं मांडीवर मोबाइल धरून तीन ओळी लिहिल्या, एकदा वाचल्या आणि पाठवून दिल्या.

"घरी गेल्यावर शांतपणे बोलू," चारुदत्त आरशात बघून म्हणाला.

"बोलू की. होकार पाठवलाय मी."

घर आलं. चारुदत्त उतरला आणि तडक जिना चढून गेला. मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं, आतून उघडत नव्हतं. झोपलेल्या तनयाचं डोकं दंडावर घेऊन अरुंधती बसून राहिली.

बऱ्याच वेळानं प्रभाताईंनी पुढून उतरून मागचं दार बाहेरून उघडलं. सुनेकडे न बघता नातीला उचललं, खांद्यावर नीट घेतलं.

"सोमवारपासून लगेच जायचं असतं का?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता.