पालथ्या पातेल्यावरचा फोन

मावशींनी फोन उचलून परत पालथ्या पातेल्यावर ठेवला आणि पातेल्यावर टिचकी मारून पाहिली.

"यावर ठेवला की घंटा घुमेल असं वाटलं होतं. काही उपयोग झाला नाही," त्या म्हणाल्या. "आता तू दिवा आणलायस, बघू."

टेबलाखाली वायरींत बसलेल्या फोनवाल्यानं नुसती मान हलवली. त्याला मालकांनी पाठवलं होतं. बाजारातल्या दुकानातून इथं गावाबाहेरच्या लाँड्रीत फोन लावला, की दुकानात घंटा ऐकू यायची, पण इकडे कुणी उचलायचं नाही. मावशींचे कान गेले, असं मालकांनी ठरवून टाकलं. फोन आला की लुकलुकणारा दिवा बसवायचा. त्यानंही भागलं नाही, तर फोनवर दुसरं माणूस बसेल आणि मावशी कपडे भिजवायच्या हौदावर जातील.

"कामाची लाज नाही रे," मावशी म्हणाल्या. "पण गुडघे पाण्यात उभे राहू देत नाहीत. हौद म्हणजे घरीच बसणं."

पलीकडे दोघी जावा चादरींना इस्त्री करत होत्या.

"आमची शिंक ऐकू येते मावशींना," धाकटी म्हणाली. "फोन तेवढा येत नाही."

"शिंक कसली, हळू आवाजात केलेली चहाडीसुद्धा ऐकू येते," थोरली म्हणाली.

"गप्प बसा गं. पूर्वी दुपारभर गायचो आम्ही," मावशी फोनवाल्याला सांगू लागल्या. "मी देवाचं पद धरायचे, या दोघी मागून झील ओढायच्या. वाफेतसुद्धा अंगावर काटा यायचा बघ. पण म्हटलं, गाण्यात फोन बुडत असेल. बंद केलं. सून रोज कानात थेंब घालून कापसाचा बोळा लावते. डॉक्टर म्हणाला, कान ठणठणीत आहेत. म्हटलं, त्याला काय जातंय सांगायला!"

फोनवाल्यानं लॅपटॉपवर दुकानातला, फोन जोडून देणारा सर्व्हर उघडला. लाँड्रीचा पत्ता लिहायच्या जागी एक आकडा होता. त्यानं स्वतः टाइप केलेला.

दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता कायमचा होता. लाँड्रीचा तसा नव्हता. वीज जाऊन आली की इथल्या राउटरला नवाच पत्ता मिळायचा. अशा वेळी ज्याचा पत्ता बदलतो त्यानं आपण होऊन दुसऱ्याला कळवायचं, अशी जोडणी करावी लागते. हे त्याला पाठ होतं. पण इथं फोन बसवला त्या दिवशी निघायची घाई होती. त्यानं त्या दिवसाचा पत्ता हातानं लिहिला, एकदा फोन वाजवून दाखवला आणि तो गेला. पुढे कधीतरी वीज गेली. तेव्हापासून दुकानाचे फोन जुन्या पत्त्यावर जात होते, तिथं कुणीच नव्हतं. आणि फोन लावणाऱ्याला मुकं वाटू नये म्हणून दुकानातच खोटी घंटा ऐकवायची सोयही त्यानंच केली होती.

मागे मालकांनी विचारलं, तेव्हा त्यानं इथून दुकानात फोन लावून पाहिला. तो लागला, दुकानाचा पत्ता कुठं बदलत होता! 'लाइनीत दोष नाही,' असं सांगून तो मोकळा झाला होता.

त्याचे कान तापले. खाली मान घालून त्यानं तो आकडा खोडला आणि नवा पत्ता मिळताच लाँड्रीच्या सर्व्हरनं स्वतः दुकानाला कळवावं, अशी जोडणी केली. मग मालकांना निरोप पाठवला: फोन लावा.

पातेलं घणघणलं. इस्त्र्या थांबल्या. मावशी ताडकन उठल्या.

"ऐकू आला! अगं, मला ऐकू आला! देव तुझं भलं करो रे, काय दिवा आणलास!"

त्यांनी दिवा कुठं लागलाय ते पाहायला मान फिरवली. दिवा खोक्यात होता, वायरीचं वेटोळंही सुटलेलं नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "इतके दिवस फोन इथं वाजतच नव्हता. घंटा फक्त दुकानात ऐकू यायची. जोडणी मी चुकवली होती. तुमच्या कानांना काही झालेलं नाही."

फोन वाजतच होता. मावशींनी कानातला कापसाचा बोळा काढला, क्षणभर त्या बोळ्याकडे पाहिलं आणि तो टेबलावर ठेवला. मग रिसीव्हर उचलला.

"आलं का ऐकू?" मालकांचा आवाज खोलीभर आला. "दिव्यानं काम केलं म्हणायचं!"

मावशींनी फोनवाल्याकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "दिवा चांगला आहे."

त्यानं हात पुढे केला. "द्या मावशी."

त्यांनी रिसीव्हरवर तळवा ठेवला. "राहू दे. मला ऐकू येतं, एवढं पुरे. तुझं पोट आहे यावर."

त्यानं हात मागे घेतला नाही. त्यांनी रिसीव्हर दिला आणि त्या इस्त्रीच्या टेबलाकडे वळल्या. जावा कान टवकारून उभ्या होत्या. मावशींनी त्यांना हातानं खूण केली आणि पद धरलं. पहिली ओळ जराशी चिरकली. दुसऱ्या ओळीला दोघींनी झील दिली, आणि वाफेनं भरलेली खोली आवाजानं भरून गेली.

"मालक," तो पुटपुटला, "चूक मावशींची नव्हती."

"काय? कसला गोंगाट आहे तिकडे? मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही!"

त्यानं डोळे मिटले, घसा खाकरला, आणि पहिल्यापासून सांगू लागला, मोठ्यानं.