संपर्क न येणारी जागा

डोंगरातल्या लोकांना भेदभावापासून वाचवण्यासाठी आमच्या रुग्णालयात एक समिती आहे. सभासद पाच. डोंगरातला एकही नाही, कारण आपल्याच माणसांबद्दल निर्णय घ्यायची वेळ त्यांच्यावर आणणं अध्यक्षांना क्रूर वाटतं. मी समितीचा लेखनिक. बोललं जातं ते मी लिहीत नाही. काय बोललं गेलं असतं तर बरं दिसलं असतं, ते लिहितो.

त्या सोमवारी समोर नवजात बाळांच्या वॉर्डातली परिचारिका बसली होती. अकरा वर्षांची नोकरी. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला रडवायचं कसं, हे शिकाऊ डॉक्टर तिच्याकडून शिकायचे. तीन आठवड्यांपूर्वी एका आजीबाईंनी तिच्या हातातून नातू ओढून घेतला. "हिचा हात नको गं बाई माझ्या सोन्याला! हे डोंगरातले काय खातात, काय शिवतात, देव जाणे." मुख्य सिस्टरांनी आजींना चहा पाजला आणि हिला तळघरातल्या कपड्यांच्या कोठीत धाडलं. तेव्हापासून ही रक्ताळलेल्या चादरी निवडते आहे.

"मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "माझा वॉर्ड परत द्या."

अध्यक्षांचे डोळे पाणावले. ते बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांत पाणावतातच.

"किती सोसलंस गं, बाळा!"

"साहेब, मी बेचाळीस वर्षांची आहे."

"तेच म्हणतो मी. इतकी वर्षं!"

समितीवरच्या दंतवैद्य बाई पुढे झुकल्या. "पण उद्या परत कुणी बोललं तर? आम्हाला तुझीच काळजी वाटते."

"मग बोलणाऱ्याला समज द्या ना, मॅडम. मला कशाला खाली ठेवता?"

"अगं, पेशंटच्या नातेवाइकांना कसं दुखवणार?"

आता खजिनदारांना सुचलं. त्यांचं बिस्किट चहात पडलं होतं. ते बोटांनी उपसून त्यांनी तोंडात टाकलं, बोटं चाटली आणि म्हणाले, "मुळात अपमान होतो कुठे? माणसं भेटतात तिथे. भेटलीच नाहीत, तर अपमान करणार कोण?"

टेबलभर टाळ्या.

ठराव असा झाला: डोंगरातल्या सर्व कर्मचाऱ्यांना रुग्णांशी संपर्क न येणाऱ्या जागी नेमावं, म्हणजे त्यांची प्रतिष्ठा अबाधित राहील. सर्व म्हणजे नऊ जण. आभार मानायला त्यातलं कुणी तरी हवं, म्हणून शिपायाने एक्स-रे विभागातून तिच्या दिराला बोलावून आणलं. त्याला ठराव वाचून दाखवला.

"वाचवलंत हो साहेब आम्हाला," दीर म्हणाला, आणि तिच्याकडे वळला. "वहिनी, तू वॉर्ड मागितलास ना? अख्खं तळघर मिळालं."

खजिनदार हसले. त्यांना तो विनोद वाटला.

अध्यक्षांनी समाधानपत्र पुढे सरकवलं. डोंगरातल्यांसाठी ते वेगळं छापून घेतलंय: सहीला जागा नाही, अंगठ्याला चौकोन. शिपायाने शाईचा पॅड उघडला. अकरा वर्षं बाळांची वजनं आणि औषधांचे थेंब लिहिणाऱ्या बाईने तो मिटून बाजूला ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि चौकोनात लिहिलं, 'समाधान नाही. माझा वॉर्ड हवा.' खाली सही, तारीख, वेळ.

अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "वा! अक्षर बघा, अक्षर! कोण म्हणेल?"

कागद हातोहात फिरला. सगळ्यांनी अक्षर पाहिलं. मजकूर मी वाचला, पण तो इतिवृत्तात बसत नाही. मी लिहिलं, 'तक्रारदाराने स्वहस्ताक्षरात प्रतिसाद दिला. समितीने कौतुक केले.'

टेबलाला वळसा घालून येऊन तिने ते वाचलं.

"छान," ती म्हणाली. "आता पुढचं लिहा. उद्या सकाळी आठला मी माझ्या वॉर्डात जाणार. मला तिथून खाली ओढायला कोण येणार, त्याचं नाव लिहा."

दंतवैद्य बाईंना सकाळी दवाखाना होता. खजिनदारांचा गुडघा धरला होता. अध्यक्षांना तर असलं काही बघवतच नाही. शेवटी पाचही जण माझ्याकडे बघू लागले.

मी माझं नाव लिहिलं. ते एकमताने मंजूर झालं.