बहात्तर वजा घंटी

आमच्या बाबांचं वजन बहात्तर. सासरे आहेत माझे, पण मी बाबाच म्हणते. कोणी विचारो न विचारो, बहात्तर. नोकरीत असताना शेवटची तपासणी झाली तेव्हा काट्यावर बहात्तर आलं आणि तिथेच त्यांनी विषय संपवला. त्यानंतर त्यांनी कधी काट्यावर एकट्याने पाऊल ठेवलं नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस, एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

आमच्या कुत्रीचं नाव घंटी, तेही त्यांनीच ठेवलं. ती सलग दोनदा भुंकली की बाबा म्हणणार, "डबल बेल झाली, चला," आणि दोघं फिरायला बाहेर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सासूबाई गेल्यावर खुर्चीत रुतून बसलेला हा माणूस कोणाच्या सांगण्याने उठला नाही, तो घंटीच्या भुंकण्याने उठला. म्हणून मला त्या कुत्रीबद्दल काय वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तोंडाने मात्र मी दिवसभर तिला शिव्या घालते, कारण माझ्या शिवणाच्या कापडावर लोळायला तिला फार आवडतं.

मी शिलाईकाम करते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागे सुतळीवर टांगलेले लोकांचे झगे, आणि त्या सगळ्यांवर पिवळसर केस. गिऱ्हाईक विचारतं, "हे काय?" मी म्हणते, "अस्तर."

घंटीची निगा मात्र बाबांनी राखावी. घरात दुसऱ्या कोणाला ते शिवूही देत नाहीत. त्यांच्या लेखी ती बसच आहे. नखं म्हणजे टायर, कान म्हणजे आरसे, दात म्हणजे गियर. रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन ब्रशने दात घासणार, कानात बोट घालून वास घेणार, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघणार. लस, जंताचं औषध, मानेवर टाकायचे थेंब, एकाचीही तारीख चुकायची नाही. आमचे हे एकदा म्हणाले, "बाबा, तिला काही झालेलं नाही, मग डॉक्टरकडे कशाला?" झालं! बाबा असे काही उसळले.

"काही झालं नाही म्हणूनच न्यायची! बंद पडल्यावर गॅरेज शोधतो तो ड्रायव्हर नव्हे, तो अडाणी."

आमचे हे छापखान्यात काम करतात आणि घरात मूग गिळून बसतात.

तर तपासणीला मीही सोबत जायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाई मोठ्या हसतमुख, पण दवाखान्यात कायम गर्दी. टोपलीतली मांजरं, खोक्यातला ससा, आणि मध्ये आमची घंटी, जिला काट्याची भयंकर धास्ती. बाकी सुई टोचा, तोंड उघडा, चालतं. काट्यावर ठेवली की पत्रा थडथडतो आणि ही लटलट कापते. त्यावर बाबांनीच तोड काढली होती. तिला उचलून घ्यायचं, आपण काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून बहात्तर वजा करायचे.

"तुमचं वजन?" डॉक्टरीणबाई विचारायच्या.

"बहात्तर," बाबा शाळेतल्या हजेरीसारखे ओरडायचे आणि खालीही उतरायचे. पुढचं मांजर तोवर टोपलीतून डोकं बाहेर काढत असायचं. घंटी यायची अठरा. दरवेळी अठरा, आणि दरवेळी बाबांची छाती फुगायची.

एका तपासणीला मात्र आली पंधरा.

"असं कसं?" डॉक्टरीणबाईंनी तिच्या बरगड्या चाचपल्या. "हाताला तर रोडावलेली लागत नाही. अंगावर केसही दाट आहेत म्हणा. पाणी जास्त पिते का?"

"हो," मी लगेच म्हणाले. कारण फिरायला जाताना मी बाबांजवळ पाण्याची मोठी बाटली देते आणि हल्ली ती ठणठणीत रिकामी परत येत होती. विचारलं की म्हणायचे, घंटीला लागलं.

बाबा घंटीचा पट्टा उगाच नीट करू लागले. त्यांचा चेहरा उतरला होता, मला वाटलं काळजीने.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. सुई बघताच बाबांनी घंटीचं डोकं छातीशी धरलं आणि तिच्या कानात सुरू झाले, "इकडे बघ माझ्याकडे, काही नाही, काही नाही, झालंच, झालं बघ." तिच्यापेक्षा तेच घट्ट डोळे मिटून होते. रक्तात काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर खाणं थोडं वाढवा आणि परत घेऊन या.

थोडं! आमच्या घराला थोडं कळतं का? या कुत्रीला काही झालं तर खुर्चीतून त्या माणसाला उठवणार कोण? मी तिला सकाळी अंडं घालू लागले. बाबा मला न सांगता दुसरं अंडं घालू लागले. आमचे हे कामावरून येताना उकडलेली कोंबडी आणायचे आणि गुपचूप जिन्यातच तिला भरवायचे. घंटीने तिघांनाही पत्ता लागू दिला नाही. बाबांकडे ओठ चाटत असं बघायची, जसं तिला आठवडाभर कोणी विचारलंच नाही.

त्याच महिन्यात बाबांची पँट ढिली झाली म्हणून मी ती आत घेतली. मागेही एकदा घेतली होती. "कापड सैल पडतंय तुझं," ते म्हणाले.

माझ्या कापडाला सैल म्हणतात! मी अशी भडकले की विचारू नका. "माझ्या हातचं कापड सैल पडत नाही, बाबा! तुम्ही खिशात किल्ल्यांचे जुडगे कोंबता, त्याने ओढलं जातं." आणि रागारागात शिवण घालून पँट त्यांच्या अंगावर फेकली. राग आला की माझं डोकं चालत नाही, हे आमचे हे मला नेहमी सांगतात. तेही मला राग आलेला असतानाच.

महिना झाला. गेलो दवाखान्यात. मी आदल्या दिवसापासून देवाला हात जोडत होते. बाबांनी गुडघे वाकवले, घंटीच्या पोटाखाली हात घातले आणि उचललं. म्हणजे उचलायला गेले. घंटी जागची हलली नाही. परत जोर लावला, कपाळावर घाम आला, धाप लागली, पण तिचे पाय काही जमिनीवरून सुटेनात.

"असू द्या, आजोबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी काट्यावर जुना टॉवेल अंथरला, पत्र्याचा आवाज दबला, आणि टॉवेलवर चीजचा तुकडा ठेवला. महिनाभर तिघा-तिघा घरच्यांना लुबाडून सोकावलेली आमची घंटी कापणंबिपणं विसरली आणि थेट काट्यावर चढून बसली.

"एकवीस!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, भर दवाखान्यात. सशाचा मालक दचकला. "वाढलं, बाबा! आपली घंटी वाढली!"

डॉक्टरीणबाई मात्र हसत नव्हत्या. "महिन्यात सहा किलो? या कुत्रीचं नाही वाढत असं." त्या घंटीकडे बघत होत्या. मग हळूच त्यांनी नजर वळवली. बाबांकडे. "आजोबा, जरा तुम्ही उभे राहता का? एकटे?"

"माझं माहितीये. बहात्तर."

"राहा तर खरं."

"कुत्रीला दाखवायला आलोय मी, स्वतःला नाही."

तेवढ्यात माझ्या डोक्यात एकदम उजाडलं. दोनदा आत घेतलेली पँट. रिकामी बाटली. आताची धाप. म्हणजे मागचे ते तीन किलो घंटीचे उतरलेच नव्हते! अगं बाई! मी शिलाईवाली, अख्ख्या गल्लीच्या कमरेची मापं मला पाठ, आणि माझ्या घरातला माणूस माझ्या हातातल्या टेपवर रोज आक्रसत होता, तर मी कापडाच्या अब्रूसाठी भांडत बसले होते! मी म्हणाले, "बाबा, चढा," आणि माझा आवाज असा फुटला की ते मुकाट चढले.

सहासष्ट.

"काटा बिघडलाय," बाबा म्हणाले.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, उद्याच डॉक्टरकडे. ते म्हणाले, "मला काय धाड भरलीये? मी ठणठणीत आहे. दुखत नाही, खुपत नाही."

मग मी जी सुटले! फुटपाथवर उभी राहून, घंटीचा पट्टा एका हातात, पर्स दुसऱ्या हातात. "दुखत नाही? बंद पडल्यावर गॅरेज शोधतो त्याला काय म्हणतात हो, बाबा? तुम्हीच सांगा, काय म्हणतात? या कुत्रीचे दात रोज घासता, कान हुंगता, आणि स्वतःची बस अशीच दामटताय? तुम्हाला काही झालं तर हिला फिरवणार कोण? मी? माझ्याबरोबर एक पाऊल टाकत नाही ही! आणि मला... मला काय होईल याचा विचार केलाय?" शेवटचं बोलायचं नव्हतं मला, पण निघून गेलं तोंडातून. आणि मी रडायला लागले. माझं हे असंच, भांडता भांडता डोळ्यांतून पाणी.

बाबा खाली वाकून घंटीच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मग इतक्या हळू म्हणाले की मला वाकून ऐकावं लागलं. "पोरी, मला सुईची भीती वाटते."

आता मला सांगा, घाटात बस रिव्हर्स काढणारा माणूस! मला रडता रडता हसू फुटलं. ते चिडले, मग तेही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त द्यायला गेलो. अट एकच, घंटी सोबत हवी. तिला आत घेईनात, म्हणून आमच्या ह्यांनी काचेच्या दाराबाहेर तिला धरून ठेवलं. त्यासाठी त्यांनी सुट्टी काढली होती. परिचारिकेने बाबांच्या दंडाला पट्टी बांधली आणि बाबांचा रंगच उडाला. मी त्यांचं डोकं माझ्या खांद्याशी धरलं. काय बोलावं सुचेना, मग जे ऐकलेलं होतं तेच तोंडात आलं. "इकडे बघा माझ्याकडे, काही नाही, काही नाही, झालंच, झालं बघा." बाहेरून घंटी दोनदा भुंकली.

"डबल बेल," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. तोवर सुई निघालीसुद्धा.

मी सवयीने पर्समध्ये हात घातला आणि हुशारीचं बक्षीस त्यांच्या तळहातावर ठेवलं. कुत्र्याचं बिस्कीट. त्यांनी बिस्किटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. परिचारिका इतकी हसली की तिला बसावं लागलं.

रक्तात साखर निघाली, चांगलीच वाढलेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. अजून वर्षभर असंच काढलं असतं तर डोळे, पाय, कुठे काय बिघडलं असतं सांगता आलं नसतं. आता गोळ्या घ्या, पथ्य पाळा, आणि रोज चाला. "चालतो," बाबा ऐटीत म्हणाले, "दोन वेळा."

आता आमच्या घरात दोघांचं पथ्य असतं. घंटीला उतरायचंय, बाबांना चढायचंय. दोघांनाही माझा राग येतो. मी मोजून वाढते आणि दोघं माझ्याकडे एकाच नजरेने बघतात. आमच्या ह्यांच्या पिशव्या मी जिन्यातच तपासते. बाबांच्या पँटची आत घेतलेली शिवण मी परवा उसवली, आणि ती उसवताना मशीनवर बसून चक्क गाणं म्हटलं.

काल घंटीची लस होती. टॉवेल अंथरला, ती आपली आपण चढली. साडेअठरा. डॉक्टरीणबाईंनी तिचे गाल ओढले. ती उतरल्यावर बाबांनी चपला काढल्या आणि कोणी न सांगता काट्यावर उभे राहिले.

"तुमचं वजन किती, आजोबा?" डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम विचारलं.

सगळा दवाखाना बहात्तर ऐकायला थांबला होता. निदान मी तरी थांबले होते.

"माहीत नाही बुवा," बाबा म्हणाले. "बघा ना किती आहे."

त्या वाकल्या, आणि तेवढ्यात घंटीला वाटलं असावं की हे एकटेच का उभे. तीही त्यांच्या पायांत घुसून काट्यावर चढली. आकडा भलताच पुढे पळाला. मी तिला ओढायला धावले.

"राहू दे गं, सूनबाई," बाबा म्हणाले. "दोघांचं मिळूनच लिहा."