दीड सूत

झाकण दाबताच ते बसलं. सिंधूताईंनी ते उचकटून काढलं आणि परत दाबलं. परत बसलं.

तो बिस्किटांचा जुना टिनाचा डबा होता. चपट्या डोक्याची काडतुसं त्यात उभी केली की झाकण नीट लागे. गोल टोकाची काडतुसं मात्र लांब, ती भरली की झाकण वर राही आणि त्याला रबर लावून ठेवावं लागे. आज डब्यात सगळी गोल टोकाचीच होती आणि रबर टेबलावर तसंच पडून होतं.

दसऱ्याचा दिवस होता. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, आणि बाहेर लकडगंजातल्या लाकूड चिरायच्या सगळ्या आरामशिनी गप्प होत्या. काल खंडेनवमीला त्यांच्या नवऱ्यानं, मधुकररावांनी, दस्तुरानुसार आपल्या मशीनीचं पातं उतरवलं, करवती, पटाशी, पाने, घरातला अडकित्तासुद्धा पाटावर मांडला आणि सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. काडतुसं भरायची प्रेसही त्यांनी सुटी करून रॉकेलनं पुसली होती. तिला हात लावायची घरात दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. आज सकाळी पूजा उठल्यावर त्यांनीच ती जोडली आणि घाईघाईनं काडतुसं भरली, कारण दुपारी नेमबाजीच्या क्लबाचा दसऱ्याचा सामना होता. विलायती काडतुसं बाजारातून गायब होऊन कित्येक वर्षं झाली होती. क्लबाच्या परवानगीनं मधुकरराव घरीच रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत, आणि अर्ध्या क्लबाच्या हाती त्यांचीच काडतुसं असत.

भरणं त्यांचं, मोजून डब्यात ठेवणं सिंधूताईंचं. आज त्या पुरणापाशी अडकल्या म्हणून ठेवणंही मधुकररावांनीच केलं होतं.

सिंधूताईंनी कपाटातून मागल्या खेपेचं एक गोल टोकाचं काडतूस काढलं आणि आजच्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं केलं. आजचं बुटकं होतं. चांगलं दीड सूत, पाव इंचाला जरा कमी. लाकडाच्या धंद्यातल्या बाईला दीड सूत पाहायला पट्टी लागत नाही.

काय झालं ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं. चपट्या गोळ्या पुंगळीत खोलवर बसवायच्या असतात, तेव्हा प्रेसचा वरचा स्क्रू खाली घ्यावा लागतो. गोल गोळ्या घेतल्या की तो वर करायचा. हे मधुकरराव शिकाऊ पोरांना इतक्यांदा सांगत की सिंधूताईंना ते आरतीसारखं पाठ होतं. गोळी खोल गेली की आत दारूला जागा उरत नाही, बार दुप्पट जोरानं उडतो आणि पिस्तूल हातात फुटतं. आज मधुकररावांनी आधी चपट्या बसवल्या, मग गोल घेतल्या, आणि स्क्रू तसाच राहिला. जवळचं त्यांना वर्षभरापासून दिसत नव्हतं. चष्मा केलेला होता, पण तो त्यांच्या नाकापेक्षा ड्रॉवरमध्येच जास्त राही.

स्वतःसाठी ते चपट्याच घेऊन गेले होते. गोल टोकाची एक डबी अनंतासाठी नेली होती.

अनंत म्हणजे मधुकररावांच्या मेलेल्या दोस्ताचा, गोविंदाचा मुलगा. बँकेत कारकून. बापाच्या वेळचं जुनं, पातळ नळीचं रिव्हॉल्वर घेऊन तो सामन्याला उतरे, आणि काकांनी भरलेलं काडतूस डोळे मिटून घालत असे.

सिंधूताईंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं, डबा पिशवीत टाकला आणि हात न धुताच बाहेर पडल्या.

रेंज गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. इतवारीपर्यंत सायकलरिक्षा बरी पळाली, पण सीताबर्डीशी येऊन अडकली. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या माणसांनी रस्ता भरून वाहत होता. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, खांद्यावर लेकरं, डोक्यावर भाकरीची गाठोडी.

"बाई, इथून पुढं काई रिक्षा जात नाही," रिक्षावाला म्हणाला. "लोकच लोक आहे."

"घंटी वाजव."

"घंटीनं काय होते? ते गावावरून पायी येऊन राहिले, अन् मी त्याईले सरका म्हणू?"

सिंधूताई उतरल्या. समोरच्या घोळक्यातल्या एका बाईनं त्यांचा पुरणानं माखलेला हात पाहिला, मग चेहरा पाहिला.

"कोणाले काही झालं का, बाई?"

"झालं नाही अजून. उशीर झाला त होईन."

त्या बाईनं पुढचं काही विचारलं नाही. ती मागं वळून ओरडली, "देवराव, रिक्षाले वाट करून दे गा. बाईच्या घरचं काही आहे." कुणा देवरावानं हात पसरले, घोळका दुभंगला आणि सिंधूताईंना परत बसवून रिक्षा पलीकडे निघाली. सिंधूताईंना आभार मानायचं सुचलं तेव्हा ती बाई गर्दीत दिसेनाशी झाली होती.

रेंजवर दोरीच्या अलीकडे खुर्च्या मांडल्या होत्या. मधुकरराव पहिल्या रांगेत बसलेले, गळ्यात झेंडूचा हार. त्यांची पाळी होऊन गेली होती आणि नेम उत्तम लागले होते. शेजारी क्लबाचे म्हातारे कॅप्टनसाहेब शिट्टी घेऊन बसले होते. दोरीपलीकडे मारायच्या रेषेवर एकटा अनंत उभा होता, पाठमोरा, आणि रिव्हॉल्वरच्या चकरीत काडतुसं घालत होता.

"काहून आली वं तू इकडे?" मधुकररावांनी हसत विचारलं. "पुरण करपवलं काय?"

सिंधूताईंनी तळहातावर दोन काडतुसं धरली. कपाटातलं आणि आजचं.

मधुकररावांनी आधी ती डोळ्यांपासून लांब धरून पाहिली. दिसलं नाही. मग दोन्ही शेजारी धरून टोकांवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला आणि हसणं विरलं.

"अनंताले थांबवा," सिंधूताई हळूच म्हणाल्या.

मधुकररावांनी कॅप्टनसाहेबांकडे पाहिलं. मग मागच्या रांगेकडे. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या पट्ट्यात त्यांनीच भरलेली काडतुसं होती. त्यांनी गळ्यातला हार उगीच सारखा केला.

"एवढ्यानं काही होत नाही," ते पुटपुटले.

"तुम्हीच सांगता ना, होते म्हणून."

"मजबूत आहे त्याचं रिव्हॉल्वर. हळू बोल."

"उठा."

ते उठले नाहीत. सिंधूताई बघत राहिल्या. या माणसाशी आपण इतकी वर्षं संसार केला, आणि हे त्याच्यात होतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं. राग नंतर आला. आधी भीतीच वाटली, अनंतासाठी नाही, या माणसाची.

"तयार?" कॅप्टनसाहेबांनी पुकारलं.

अनंतानं हात उचलला.

रेषेच्या पुढं माणूस दिसला की गोळीबार थांबतो, हे तिथलं पोरसुद्धा जाणत होतं. सिंधूताई वाकून दोरीखालून गेल्या आणि अनंताच्या बाजूनं सरळ पुढे, लक्ष्याच्या दिशेनं चालू लागल्या. पाठीमागं त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पाय मात्र चालत होते. मग शिट्टी वाजली, लांब आणि कर्कश, आणि कुणीतरी शिवी हासडली.

"काकू!" अनंताचा हात खाली गेला होता, चेहरा पांढराफटक पडला होता. "आत्ता चालवली असती मी."

"खाली कर ते. सगळी काडतुसं काढ."

लोक धावत आले. कॅप्टनसाहेब लाल झाले होते. मधुकरराव आता उठले होते, आणि सगळ्यांच्या आधी तेच बोलले.

"माफ करा, साहेब. काल खंडेनवमी होती. हिनं माझी प्रेस पुसली, स्क्रू हलवला अन् मले सांगितलं नाही. आता ध्यानात आलं त धावत आली. बायकाईचं पुसणं म्हणजे असं."

दोघेतिघे हसले. सुटका झाल्यावर माणसं हसतातच. कॅप्टनसाहेबांनी सिंधूताईंना विचारलं, "हो का, बाई?"

सिंधूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि नजर दुसरीकडे होती. इथे खरं बोललं तर हा माणूस उद्यापासून या दोरीच्या अलीकडेही बसू शकणार नाही. आणि अनंत तर उभा होता, धड, दोन्ही हातांनिशी.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच पुसली."

अनंतानं चकरी रिकामी केली. काडतुसं कुणाकडे द्यावी म्हणून तो क्षणभर घुटमळला, आणि मग ती त्यानं सिंधूताईंच्या पिशवीत टाकली.

घरी त्या मधुकररावांच्या स्कूटरवर मागं बसून आल्या. घराच्या दाराशी मधुकररावांनी सोनं म्हणून आपट्याची पानं पुढं केली.

"तू मधात गेली नसती त मी उठूनच राहिलो होतो," ते म्हणाले.

"हो का," म्हणून त्यांनी पानं घेतली आणि देवापुढं ठेवली.

त्या दोघांत पुढचे काही दिवस जेवायला वाढलं, चहा झाला, मशीनीवर माणसं आली का, एवढंच बोलणं झालं. लकडगंजात मात्र गोष्ट फिरली. सिंधूताईंनी प्रेस बिघडवली आणि गोविंदाचा पोट्टा जाता जाता वाचला. भाजीवालीनंही त्यांना विचारलं. त्या हसून पुढं गेल्या.

कोजागरी झाल्यावर एका सकाळी मधुकरराव पुन्हा टेबलाशी बसले. पुंगळ्या मांडल्या, गोळ्यांच्या दोन वाट्या काढल्या, एकीत गोल, एकीत चपट्या. त्यांनी स्क्रूला हात घातला.

"थांबा," सिंधूताई दारातून म्हणाल्या.

"काहून?"

त्या आत आल्या. ड्रॉवरमधून चष्मा काढून त्यांनी त्यांच्यासमोर ठेवला.

"स्क्रूला मी हात लावला, असं गावभर सांगितलं ना तुम्ही? आता मीच लावीन. दर वेळी. तुम्ही फक्त पाहा." त्यांचा आवाज शांत होता. "पुढं कधी चुकलंच, त निदान तुम्ही खरं बोलले असं होईन."

मधुकररावांनी तोंड उघडलं. बाहेर मशीनीवर पातं लाकडात शिरलं, आणि त्या आवाजात काही बोलून उपयोग नव्हता. आवाज थांबेपर्यंत सिंधूताई खुर्चीशी तशाच उभ्या राहिल्या.

मग ते उठले. त्या बसल्या. खुर्ची त्यांच्या मापाची नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यांनी पदर खोचला आणि गोल गोळ्यांची वाटी पुढं ओढली. मधुकररावांनी स्टूल जवळ घेतलं, चष्मा लावला आणि त्यांच्या हाताकडे पाहू लागले.