पाचटाचे ओरखडे

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. तुमच्या माऊसच्या पोटात बारीक दिवा असतो. माझ्या पोटात रबरी गोळी होती. ती टेबलावर फिरे तसा पडद्यावरचा बाण फिरे.

१९९८ साली मी नगरच्या एका फोटो स्टुडिओत आलो. मालक सूर्यभान जुन्या फोटोंवरून संगणकावर रंगीत चित्रं करून देत. ते काम दीपाताई करायची. नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातल्या कामगाराची ही मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली. हात फार हलका. एअरब्रश निवडून ती मला सावकाश फिरवी, आणि पडद्यावर रंगाचा बारीक फवारा पडे. गालावर उजेड, हनुवटीखाली सावली. प्रत्येक गोष्टीचा लेअर वेगळा, जणू काचांवर रंगवून एकावर एक ठेवलेली चित्रं. एक काच काढली तरी खालचं चित्र तसंच राही.

"गिऱ्हाइकाला चेहरा गोरा आणि गुळगुळीतच लागतो," असं मालकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

एकदा पाथर्डीकडची केशरबाई आली. नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. चार दिवसांवर वर्षश्राद्ध, आणि त्यानंतर लगेच ती टोळीबरोबर ऊसतोडीला निघणार होती. नवऱ्याचा फोटो म्हणाल तर मतदान ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. त्यात अर्धं तोंड काळं आलेलं. त्यावरून दीपाताईने दोन दिवस खपून मोठं चित्र केलं.

तिसऱ्या दिवशी केशरबाईने येऊन ते पडद्यावर बराच वेळ पाहिलं.

"लई झ्याक काढलंय, पोरी. पन हे आमचे न्हाईत."

दीपाताई माझ्यावरचा हात काढून तिच्याकडे वळली. "मावशी, कुठं चुकलं?"

"काय सांगू! तोंड असं लोन्यावानी नव्हतं त्यांचं."

चारची एस.टी. गाठायची होती. केशरबाई ओळखपत्र पदराच्या गाठीत बांधू लागली. तेव्हा दीपाताईने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बसा मावशी. कसं होतं ते सांगा."

तिने गुळगुळीत लेअर बंद केला आणि वर नवा कोरा लेअर घेतला. केशरबाई सांगत गेली. गालांवर देवीचे वण. कपाळाला उन्हाची काळी पट्टी. दीपाताई खरखरीत ब्रशने ठिपके देत गेली, आणि नेमका तेव्हाच मी अडलो. पोटात धूळ साचली होती. बाण भलतीकडे उड्या मारू लागला. तिने मला उलटा केला, गोळी काढली, नखाने मळ खरवडला आणि फुंकर मारली. मला पुन्हा मोकळं वाटलं.

"आन् हितं पाचटाचे ओरखडे," केशरबाई पडद्याला बोट लावत म्हणाली. "ऊस तोडताना वाळल्या पानांचं पाचट लागायचं. न्हाई, जरा खाली."

दीपाताईने तिचा हात धरून माझ्यावर ठेवला. तळव्याला घट्टे, बोटांना चिरा. इतका राठ हात मला तोवर लागला नव्हता. त्या हाताने मला अगदी बेताने ओढलं. एक ओरखडा उमटला. मग दुसरा.

केशरबाई चटकन खुर्चीवरून उठली आणि तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "हेच."

छपाई पाहून मालक कुरकुरले, "अगं, उजळ करून द्यायचं ना!"

"त्यांना असंच हवंय, सर," दीपाताई म्हणाली. मालकांनी केशरबाईकडे पाहिलं. ती चित्र दोन्ही हातांत धरून उभी होती. मग त्यांनी चित्र गुंडाळायला कागद काढून दिला.

मित्रांनो, त्यानंतर मी आणखी बरीच वर्षं राबलो. मग नवे माऊस आले आणि मी तुटक्या तारांच्या खोक्यात गेलो. त्याचं फारसं दुःख नाही. पण एक मागणं आहे. घरातल्या कुणाचा जुना फोटो नवा करायला घ्याल तेव्हा एवढं करा. त्या माणसाबरोबर जो राहिला असेल, त्याला शेजारी खुर्ची द्या, आणि तो बोलेपर्यंत थांबा.